यादीतली शेवटची मुलगी

एका रविवारी सकाळी काकांच्या घरचा फोन वाजायला लागला आणि पुढचे काही आठवडे तो फारसा थांबलाच नाही. त्याआधी त्या फोनला काम असं नव्हतं. आमच्या तंजावुरात पूर्वी कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मग नव्वदच्या दशकात सगळंच भराभर मिळायला लागलं, तसा फोनही मिळाला. काकांनी अर्ज केला आणि थोड्याच दिवसांत लाइनमन येऊन तार ओढून गेला. पण फोन करणार कोण? नातेवाईक सगळे हाकेच्या अंतरावर होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात काका आणि त्यांची मुलगी, एवढीच माणसं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आणि त्यांचं घर यांत दोनच घरं होती. त्यांच्या मुलीला मी अक्का म्हणत असे. ती तेव्हा तेहतीस वर्षांची होती, गणितात एम.एस्सी. केलेली, पापनाशमच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. सकाळच्या पॅसेंजरने जायची आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत यायची. तिचं एकदा ठरलेलं लग्न मोडलं होतं. नंतर काकूंचं आजारपण आलं, आणि ते संपेपर्यंत वय उलटून गेलं असं लोक म्हणायला लागले. काका मात्र थांबले नव्हते. तिची पत्रिका मद्रास, कोइमतूर, बंगळूर, सगळीकडे जाऊन परत आली होती.

फोन वाजायला लागला त्याला कारण आमच्या कॉम्प्युटर सेंटरने केलेलं एक काम होतं.

हे सेंटर दक्षिण वीथीत, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत होतं. दुकान आणि सेंटर दोन्हींचे मालक एकच, एक हौशी तमिळ गृहस्थ. सकाळी आम्ही टायपिंग येणाऱ्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायचो, दुपारी लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करायचो आणि मधल्या वेळात वेबसाइट बनवायचो. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझा आतेभाऊ. दोघंही वल्लमच्या बाजूच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेले. तो माझ्यापेक्षा वर्षाने मोठा आणि माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, असं घरात सगळे मानत. तो स्वतःही मानत असे.

आमच्या मराठी मंडळींची एक संस्था मद्रासला होती. ती दरवर्षी लग्नाच्या मुलींची यादी छापून वाटायची. अमेरिकेत मुलगा असलेल्या कुणीतरी सुचवलं की यादी इंटरनेटवर टाका, म्हणजे सगळीकडची आपली माणसं पाहतील. काम आमच्याकडे आलं. संस्थेची एकच अट होती. मुलींची नावं दिसता कामा नयेत. फक्त क्रमांक, वय, शिक्षण, गोत्र, नक्षत्र, छंद. ज्याला पुढे बोलायचं असेल त्याने त्या ओळीशेजारचं बटण दाबायचं, मग एक छोटी खिडकी उघडेल आणि तिच्यात घरचा पत्ता आणि फोन नंबर येईल. त्या खिडकीतही नाव नाही.

पन्नासेक मुलींची माहिती जमली. माझ्या वडिलांनी माझीही दिली होती. वीणा वाजवते, असंही लिहिलं होतं, जरी मी वीणेला हात लावून बरीच वर्षं झाली होती. काकांनी अक्काची माहिती मुदत संपल्यावर माझ्या हातात आणून दिली.

"ती हो म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, हें शेवटचें. ह्यानंतर माझी पत्रिका कोणाला पाठवायची नाही."

मी ती माहिती यादीच्या तळाशी टाइप केली.

पान लिहिलं होतं आतेभावाने, जावास्क्रिप्टमध्ये. ती भाषा तेव्हा नवी होती. आम्ही तिच्याबद्दल जे काही शिकलो ते दुसऱ्यांच्या पानांचा कोड उघडून वाचून. त्याला त्या भाषेतली एक गोष्ट फार आवडली होती. फंक्शन म्हणजे कॉम्प्युटरने करायच्या कामाचा एक तुकडा. त्याला नाव द्यायचं आणि त्या नावाने हाक मारायची, असं आम्ही कॉलेजात शिकलो होतो. इथे मात्र नाव न देताही फंक्शन लिहिता यायचं, जिथे लागेल तिथेच. प्रत्येक बटणाला त्याने असं एकेक बिननावाचं फंक्शन जोडलं.

"एकाच ठिकाणी लागणार. नांव कशाला ठेवायचें?" तो म्हणाला.

पुढची गंमतही त्यानेच मला दाखवली. त्या फंक्शनला मुलीची माहिती हातात द्यावीच लागत नव्हती. यादीतून एकेक मुलगी घेत जाणारी जी फेरी होती, तिच्यात 'मुलगी' नावाचं एक व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा एक कप्पा, होतं. फंक्शनच्या आत नुसता त्या 'मुलगी'चा उल्लेख केला की भाषा आपली आपण ते व्हेरिएबल फंक्शनबरोबर बांधून द्यायची. फेरी संपली तरी फंक्शन ते विसरायचं नाही. मलाही ते पाहून आश्चर्य वाटलं होतं. त्याने एका मुलीची माहिती घालून पान चालवून पाहिलं. बटण दाबलं, खिडकी उघडली, पत्ता बरोबर आला. मग बाकीची यादी भरली आणि मालकांनी पान इंटरनेटवर चढवलं.

त्यानंतरच्या रविवारी काकांचा फोन वाजायला लागला.

पहिला फोन मद्रासच्या एका गृहस्थांचा होता. मुलगी बी.कॉम. आहे ना, त्यांनी विचारलं. काका म्हणाले, एम.एस्सी. आहे. "मग पानावर चुकलं असेल," गृहस्थ म्हणाले, आणि खूश झाले. दुसरा बंगळूरहून आला. त्यांना गोत्र विचारायचं होतं. काकांनी भारद्वाज सांगितल्यावर ते गोंधळले, कारण त्यांचंही भारद्वाज होतं आणि त्यांनी कौशिक पाहून फोन केला होता. मग मुंबई, हैदराबाद, आणि एकदा थेट अमेरिका. काका आमच्या घरी येऊन हे सगळं सांगायचे. बसायचे नाहीत, उभ्याउभ्याच सांगायचे आणि फोन वाजेल म्हणून लगेच परत जायचे. माझ्या आईला वाटलं, इंटरनेटवर माहिती टाकताना चुका झाल्या असाव्यात. मीही तसंच धरून चालले आणि वेळ मिळाला की तपासू असं ठरवलं.

अक्का शाळेत असायची तेव्हा काका फोन घ्यायचे. ती घरी असली की तीच घ्यायची.

एका संध्याकाळी ती पापनाशमच्या गाडीतून उतरून घरी न जाता थेट सेंटरवर आली. खांद्याला पिशवी, बोटांना खडू. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली.

"अगे, तुझी वीणा कोठें आहे?" तिने विचारलं.

मला काही कळेना.

"काल कोणी फोन केला होता कोइमतूरहून. म्हणाले, तुमची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर, चोवीस वर्षांची, वीणा वाजवते. आमच्या गल्लीत अशी एकच आहे. ती वाजवत नाही, पण लिहून दिलें असेल." मग तिचा आवाज जरा खाली आला. "सगळे फोन दुसऱ्यांचे आहेत. प्रत्येकाला कोणीतरी वेगळी हवी असते आणि फोन लागतो आमच्या घरीं. बघ जरा."

मी पान उघडलं आणि माझ्याच ओळीसमोरचं बटण दाबलं. खिडकीत काकांचा नंबर आला. वरच्या ओळीचं दाबलं, काकांचा नंबर. पहिल्या ओळीचं दाबलं, तोच. आतेभाऊ मागे येऊन उभा राहिला होता. त्याने माझ्या हातातून माउस घेतला आणि सगळी बटणं ओळीने दाबत गेला, जणू कुठलं तरी एक बटण त्याची बाजू घेईल.

"मी पाहिलें तेव्हां चालत होतें," तो म्हणाला.

"तेव्हां यादीत कितीजणी होत्या?" मी विचारलं.

त्याने माउस सोडला. एकच होती.

आम्ही कोड वाचला. तो बरोबर दिसत होता, हीच पंचाईत होती. फेरीच्या आत प्रत्येक वेळी 'मुलगी'त काय आहे ते पडद्यावर छापून पाहिलं, तर एकेक मुलगी नीट ओळीने येत होती. बटण दाबलं की मात्र शेवटची. आतेभाऊ म्हणाला, ब्राउझरमध्येच खोट आहे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं, तिथेही तेच. अक्का बघत होती. मालकांच्या पोऱ्याने आणलेली कॉफी तिच्यासमोर तशीच गार होत होती.

मग मी एक करून पाहिलं. फेरी संपते त्याच्या खाली एक ओळ वाढवली आणि 'मुलगी'मध्ये उगाचच एक भलताच पत्ता भरला. पान पुन्हा चालवलं. सगळ्या बटणांनी तो भलता पत्ता दाखवला.

तेव्हा उलगडा झाला. भाषा फंक्शनबरोबर जे बांधून देत होती ते व्हेरिएबल होतं, त्यात त्या क्षणी असलेली माहिती नव्हे. सगळ्या फंक्शनांना मिळून ते एकच व्हेरिएबल होतं. फेरी पुढे सरकत गेली तशी त्यातली मुलगी बदलत गेली, आणि फेरी संपली तेव्हा त्यात अक्का होती. लोक बटण दाबणार ते त्यानंतर कधीतरी. तोपर्यंत आत दुसरं कुणी उरलेलंच नव्हतं.

अक्काला हे सांगताना मी तिच्या वर्गाचं उदाहरण घेतलं. म्हटलं, समज, तू फळ्यावर एक नाव लिहिलंस आणि पहिल्या मुलीला सांगितलंस, कुणी विचारलं तर फळ्यावरचं नाव वाचून दाखव. मग ते पुसून दुसरं लिहिलंस आणि दुसऱ्या मुलीला तेच सांगितलंस. असं वर्गभर केलंस. आता तास संपल्यावर कुणी येऊन कुठल्याही मुलीला विचारलं तर ती काय वाचेल?

"फळा एकच," अक्का म्हणाली. "आणि फळ्यावर शेवटीं मी."

"होय."

"प्रत्येकीला आपापली पाटी द्यायला हवी होती."

दुरुस्ती तीच होती. एक वेगळं फंक्शन लिहायचं, त्याच्या हातात एकेक मुलगी द्यायची आणि त्याने आतून बटणासाठीचं बिननावाचं फंक्शन करून परत द्यायचं. दर वेळी हाक मारली की नवं व्हेरिएबल तयार होतं, म्हणजे प्रत्येक बटणाला स्वतःचं मिळतं. आतेभावाने ते माझ्याआधी टाइपही करून टाकलं. टाइप करताना पुटपुटत होता की ही भाषेचीच चूक आहे, दर फेरीला नवं व्हेरिएबल द्यायला काय जातं? तेव्हा मी त्याच्यावर हसले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या भाषेत नेमकी तीच सोय आली, आणि त्याने अमेरिकेतून मला मुद्दाम ते कळवलं. पण पान चढवायचा पासवर्ड मालकांकडे होता आणि मालक त्रिचीला गेले होते. उद्या सकाळी येतील, मग चढवू, असं ठरलं. अक्का म्हणाली, चालेल, आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी सेंटर उघडायला गेले तेव्हा काका जिन्यात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. पाऊस नव्हता, पण ते बाहेर पडताना छत्री घेतच. मी कुलूप काढलं, खुर्ची दिली. ते बसले.

"अक्काने सांगितलें मला," ते म्हणाले. "तें तुमचें जें काय आहे तें."

"आज दुरुस्त होईल, काका. मालक आले की आम्ही चढवतों."

"त्याच्यासाठींच आलों." त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "थोडे दिवस असूं दे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुला वाटतें, मला कळलें नव्हतें?" ते म्हणाले. "दुसऱ्या-तिसऱ्या फोनलाच कळलें, ही माणसें दुसरीकडे निघालीं होतीं आणि माझ्या दारांत आलीं. पण आलीं ना? मी त्यांना तिच्याबद्दल सांगतों. तीं ऐकतात. पूर्वी मी पत्रिका घेऊन जायचों तेव्हां कॉफी पाजून परत पाठवायचे, वाक्य पुरें होऊं द्यायचे नाहीत. आतां तेच विचारतात, मुलगी कशी आहे. एवढ्यांत एखादा तरी म्हणेल, ही कां नको?"

माझ्या आयुष्यात काका माझ्याशी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते.

मी म्हटलं, "पण बाकीच्यांच्या घरीं फोन वाजत नाही, काका."

"त्यांच्या घरीं आजवर वाजतच होते."

"माझी ओळही आहे त्यांत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, खरोखरच विचारायचं म्हणून विचारलं, "तुला घाई आहे?"

"नाही."

"मग?"

पान संस्थेचं आहे, निर्णय मालकांचा आहे, असं काहीतरी मी बोलले. ते मान हलवत राहिले. इतक्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला आणि अक्का वर आली. त्या दिवशी तिने गाडी सोडून दिली होती. दाराशीच थांबून तिने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काय बोलणं झालं असेल ते तिला विचारावं लागलं नाही.

"अप्पा, घरीं चला," ती म्हणाली.

"मी तिला इतकेंच सांगत होतों..."

"मला माहीत आहे काय सांगत होतां." ती आत आली, पण बसली नाही. "फोनवर तुम्ही माझें वय सांगतां?"

काका छत्रीकडे बघायला लागले.

"नाही सांगत. मी सांगतें. पहिलें तेंच सांगतें. मी म्हणतें, मी तेहतीस वर्षांची आहे. मग पलीकडचें माणूस थांबतें. थोडा वेळ काही बोलतच नाही, आणि मग म्हणतें, बरें, घरांत विचारून कळवतों. तें थांबणें तुम्ही ऐकलेंच नाहीत, अप्पा. तुम्ही सांगतां शिक्षण, स्वभाव, स्वयंपाक. फोन ठेवून तुम्ही खूश होतां. थांबणें माझ्या वाट्याला येतें."

काकांनी छत्रीची मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली.

"मला वाटलें, इतके फोन येतात तर तुलाही बरें वाटत असेल," ते म्हणाले.

"पहिल्या दिवशीं वाटलें," अक्का म्हणाली. "खोटें कशाला सांगूं?"

मग ती माझ्याकडे वळली. "मालक आले की चढव. आणि माझी ओळ काढ त्यांतून."

काका उठले. जिना उतरताना अक्काने त्यांचा हात धरला नाही, पण ती त्यांच्या पुढे एक पायरी ठेवून, मागे बघत बघत उतरली. दुपारी मालक आले, त्यांनी पान चढवलं. मी अक्काची ओळ काढली. मग सगळी बटणं एकेक करून दाबून पाहिली. प्रत्येकीचा पत्ता आपापला येत होता.

फोन लगेच थांबले नाहीत, कारण काही लोकांनी चुकीचा नंबर आधीच लिहून घेतलेला होता. पुढचे काही दिवस अक्का प्रत्येकाला विचारायची, तुम्हांला कुठल्या शिक्षणाची, कुठल्या नक्षत्राची मुलगी हवी होती, आणि आमच्याकडून खरा नंबर घेऊन त्यांना कळवायची. तशा एका फोनातून सेलमच्या एका मुलीचं लग्नही जमलं. आमच्या घरीही फोन वाजायला लागले. त्यातून काही जमलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. मग काकांकडचे फोन थांबले. काका माझ्याशी बोलायचे बंद झाले असं नाही, पण कामापुरतंच बोलायला लागले. संध्याकाळी ते घरासमोरच्या ओट्यावर, ज्याला आम्ही तमिळमधला तिण्णै हाच शब्द वापरतो, तिथे बसलेले असत. तिथून आतला फोन ऐकू येई.

एक फोन मात्र येत राहिला. बडोद्याच्या एका बाईंचा.

त्यांनी मुलासाठी फोन केला होता, तोही भलत्याच मुलीसाठी. अक्काने नेहमीप्रमाणे वय सांगितलं. बाई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "तू तंजावुरातच वाढलीस? बोलण्यावरून कळतं." त्यांचं माहेर आमच्याच गल्लीच्या टोकाला होतं. कोवळ्या वयात लग्न होऊन त्या बडोद्याला गेल्या. सासरी त्यांच्या मराठीला लोक हसायचे, म्हणून त्यांनी ती बदलून टाकली. आईवडील गेल्यावर त्यांच्याशी तसं बोलणारं कुणी राहिलंच नव्हतं. अक्काने त्यांना हव्या असलेल्या मुलीचा खरा नंबर दिला. तिथे काही जुळलं नाही. पण पुढच्या रविवारी त्यांचा पुन्हा फोन आला. सहजच केला, म्हणाल्या.

अक्काला सुरुवातीला हे जड जात होतं. शाळेचे पेपर तपासायचे असत आणि बाई गल्लीतल्या एकेका घराबद्दल विचारत. कुणाच्या परसात पेरूचं झाड होतं, ते आहे का? मारुतीच्या देवळासमोर फुलं विकणारी होती, ती आहे का? बरंच काही अक्काच्या जन्माच्याही आधीचं होतं. मग एकदा तिने फोन काकांच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही सांगा, तुम्हांला माहीत असेल." काकांना माहीत होतं. त्यानंतर रविवारी फोन वाजला की काकाच उठायचे. बोलणं झालं की अक्काला बोलवायचे. त्या दोघी मग वेगळं बोलायच्या. अक्काने मला एकदा सांगितलं की घरात कुणाजवळ बोलता येत नाही असं ती त्या बाईंशी बोलते, कारण त्यांनी तिला पाहिलेलं नाही.

हे दोनेक वर्षं चाललं. मी त्या सुमाराला नोकरीसाठी पुण्याला आले. मराठी कशी लिहायची हेही मी इथे येऊन शिकले, घरी ती नुसती बोलण्यापुरती होती. एका उन्हाळ्यात सुट्टीवर गेले होते तेव्हा त्या बाई तंजावुरला आल्या. काकांच्या घरी आठवडाभर राहिल्या. गोऱ्या, ठेंगण्या, सत्तरीला टेकलेल्या, गुजराती पद्धतीने साडी नेसलेल्या. आल्या दिवशी बोलताना त्या चाचपडत होत्या, दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तोंडून आमचे सगळे जुने शब्द यायला लागले. गल्लीतल्या मुलांशी त्या मराठीत बोलायच्या, मुलं सगळं समजून तमिळमध्ये उत्तरं द्यायची, आणि त्याची त्यांना मजा वाटायची. त्यांच्या माहेरच्या जागी झेरॉक्सचं दुकान झालं होतं. त्या दुकानात जाऊन त्यांनी उगाचच कशाची तरी झेरॉक्स काढून घेतली आणि इकडेतिकडे बघत उभ्या राहिल्या.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. गाडीला वेळ होता. अक्का पाण्याची बाटली भरून आणायला गेली, तेव्हा काका बाकावर बाईंच्या शेजारी बसले. मी सामानापाशी उभी होते.

"एक विचारायचें होतें," काका म्हणाले. "तुमच्या मुलाचें काय झालें?"

बाई त्यांच्याकडे वळल्या.

"त्याचें लग्न होऊन दीड वर्ष झालें," त्या म्हणाल्या. "त्याच्याच ऑफिसातली मुलगी. गुजराती. मी सांगितलें नाही, कारण तुम्ही कधीं विचारलें नाहीत."

"विचारलें नाही," काका म्हणाले. "असूं दे. चांगलें झालें."

"तुम्ही इतके दिवस..."

"नाही, नाही. तसें काही नाही."

अक्का बाटली घेऊन आली. त्या दोघांचे चेहरे पाहून तिने काय झालं म्हणून विचारलं. काका म्हणाले, ह्यांच्या सुनेबद्दल बोलत होतों. अक्का बाईंच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला माहीत होतें. मला त्यांनी लग्नाच्या आधींच सांगितलें होतें." काका तिच्याकडे बघायला लागले. मग ते हसले. मोठ्याने नव्हे, पण मला आठवतं तेव्हापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. गाडी आल्यावर बाईंची ट्रंक त्यांनी कुणाला उचलू दिली नाही, स्वतःच आत नेऊन ठेवली.

अक्काने लग्न केलं नाही. पापनाशमच्या त्याच शाळेत ती पुढे मुख्याध्यापिका झाली. काका तिच्या निवृत्तीआधी दोन वर्षं गेले, झोपेत, फारसा त्रास न होता. संस्थेची यादी मोबाइलवर आली आणि आतेभावाने लिहिलेलं पान केव्हाच कुठेतरी नाहीसं झालं. बडोद्याला अक्का दोनदा जाऊन आली. दुसऱ्यांदा गेली ती बाई आजारी होत्या म्हणून. उरलेली सगळी सुट्टी ती तिथेच राहिली आणि त्यांच्याशी आमच्या घरच्या भाषेत बोलत राहिली. बाईंच्या घरातल्या बाकीच्यांना त्यातलं निम्मं कळत नसे.